खजाना विहीर आणि अर्ध्या-अर्ध्या इमारतीची गोष्ट

बीडचा आहे म्हटलं की पुण्यातला समोरचा माणूस दोनच गोष्टी काढतो. दुष्काळ आणि ऊसतोड. दोन्ही खऱ्याच आहेत, वाद नाही. पण याच बीड शहराच्या दक्षिणेला साधारण सहा किलोमीटरवर एक विहीर आहे. हल्ली मीटिंगमध्ये कुणी ‘सस्टेनेबल डिझाइन’ म्हणालं की मला स्लाइडच्या आधी ती आठवते.

तिचं नाव खजाना विहीर, कुणी बावडी म्हणतं. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने १५८३ मध्ये ती बांधून घेतली. बांधणारा म्हणून राजा भास्करचं नाव घेतात. सगळा खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. खरं-खोटं सलाबतखान जाणे!

विहिरीत जमिनीखालून तीन वाटा आहेत. दोनमधून पाणी आत येतं, तिसरीतून बाहेर पडून लांबच्या शेतांना जातं. त्यासाठी मोट नको, रहाट नको, मोटर तर नकोच. ढाळ असा धरलाय की पाणी आपलं आपण चालत राहतं. इराणातल्या कनातीचं तत्त्व हेच. उंचावरचं भूजल किंचित उताराच्या बोगद्यातून खाली आणायचं. बोगद्यातून जातं म्हणून उन्हाने उडूनही जात नाही. पुढे मलिक अंबरने औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी केली, तीही याच वळणाची.

आता गंमत बघा. या डिझाइनमध्ये एक मर्यादा आहे. जेवढं झिरपून येईल, तेवढंच पुढे जाणार. जास्त हवंय म्हणून दाबायला बटणच नाही. त्यामुळे ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावायची वेळ येत नाही, ते बांधकामातच आहे. बोअरचं उलट. दोनशे फुटांवर लागलं नाही तर चारशे, तिथेही नाही तर सहाशे. आजूबाजूच्या बोअरांनी भूजलाची पातळी बोगद्याच्या खाली नेली, तर उत्तम बांधलेला बोगदाही कोरडा पडतो. दोष नसताना.

असो. आपल्या धंद्याकडे येऊ. आयटीत आपल्याला वाटतं, आपण कुठे धूर सोडतो? पण काचेच्या इमारतीत ऊन टोचतं म्हणून पडदे ओढायचे, अंधार झाला म्हणून दिवे लावायचे आणि एसीची थंडी वाजते म्हणून जर्किन घालून कोड लिहायचा, हे आपण सगळ्यांनीच केलंय.

हे बदलायचा मोठा प्रयत्न केला तो १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने. २००७-०८ च्या तुलनेत माणशी वीजवापर २०१७-१८ पर्यंत निम्म्यावर आणायचा, असं त्यांनी ठरवलं. रोहन पारीख यांच्याकडे या हरित उपक्रमांची सूत्रं होती. एक कल्पना होती रेडियंट कूलिंगची. म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबमध्ये नळ्या घालून त्यातून थंड पाणी फिरवायचं. पण आपल्या दमट हवेत छताला थेंब धरतील, ही शंका येणारच. मग त्यांनी काय केलं? हैदराबादच्या कॅम्पसमध्ये २०११ मध्ये पूर्ण झालेली एक इमारत दोन सारख्या भागांत विभागली. एका अर्ध्यात नेहमीचा, पण चांगला एसी. दुसऱ्या अर्ध्यात रेडियंट. दोन वर्षं मीटर वाचले. रेडियंट भागाला गारव्यासाठी ३४ टक्के कमी वीज लागली, आणि बांधकामाचा खर्चही वाढला नव्हता. वाद संपला. पुढच्या इमारतींत ही पद्धत रुळली.

माणशी वीज निम्म्यावर आली. २०१९-२० मध्ये कंपनी कार्बन न्यूट्रलही झाली. (त्यात गावोगावच्या बायोगॅस आणि सुधारित चुलींच्या प्रकल्पांतून मिळवलेल्या भरपाईचाही वाटा आहे, हे सांगायला हवं.)

पण माझ्यातला बीडकर इथे अडतो. २००८ मध्ये कंपनीत सुमारे ९१ हजार माणसं होती, २०१८ मध्ये दोन लाखांवर. माणशी निम्मं आणि माणसं दुपटीच्या वर, मग एकूण आकडा खाली कसा येईल? हे केलं नसतं तर तो कितीतरी फुगला असता, हे मान्यच. तरी माणशी हिशेब आणि विहिरीचा हिशेब वेगळा. विहिरीला किती माणसं प्यायला आली याच्याशी देणंघेणं नाही, तिचा आकडा एकच आहे.

सॉफ्टवेअरमध्येही आपण बोअरच मारतो की. लोड वाढला की ऑटोस्केलिंग आणखी सर्व्हर उभे करतं. लॉग कुणी वाचत नाही, तरी कायमचे साठवतो. तो सर्व्हर कुठल्या तरी गावची वीज घेतो, पुष्कळदा पाणीही. ते गाव आपल्या डॅशबोर्डवर दिसत नाही, एवढंच.

म्हणून मोठ्या कंपनीत हा विषय रेटायचा असेल, तर हैदराबादकडून एक घ्यावं. भाषणं नकोत, अर्ध्या भागात करून दाखवा आणि मोजा. आणि बीडकडून दुसरं. डिझाइनच्या पहिल्याच कागदावर, काम सुरू व्हायच्या आधी, एक ओळ लिहून घ्यावी: एकूण जास्तीत जास्त किती? पुढच्या रिव्ह्यूमध्ये एवढा एकच प्रश्न विचारून बघा. काय उत्तर येतं ते मलाही कळवा.