दरेवाडीचे चर आणि जर्मन कागद

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीच्या उघड्या माळावर १९९६ ते २००१ या काळात सलग समतल चर खणले गेले, त्यासाठीचा पैसा जर्मन सरकारच्या अनुदानातून आला होता. हा संबंध एकाएकी जुळलेला नाही. नगर जिल्ह्यात जर्मनभाषक माणसांचा वावर त्याआधी शंभरएक वर्षांपासून होता. मात्र त्यांची वस्ती कधी झाली नाही. याउलट आजच्या रोमानियाच्या बनात भागातील डोंगरांत १८२७-२८ च्या सुमारास बोहेमियातून जर्मन कुटुंबे येऊन राहिली. त्यांच्या पिढ्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांतून मोजता येतात. आपल्याकडे आलेले जर्मन बहुतेक अविवाहित धर्मगुरू होते, नाहीतर युद्धकैदी. त्यांना इथे वंशज नाहीत. त्यामुळे त्यांचा माग काढायचा तर कागदांवरूनच काढावा लागतो.

पहिले कागद चर्चचे. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू त्यामानाने उशिरा आले. मुंबई-पुण्याचे कॅथलिक कार्य १८५० च्या दशकात जर्मन जेझुइटांकडे सोपवले गेले. १८८६ मध्ये पुण्याचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि पहिले बिशप म्हणून बर्नहार्ड बायडरलिंडन आले, तेही जर्मनच. नगर जिल्ह्यातील खेडी याच धर्मप्रांतात होती. पुढे १९०७ मध्ये हाइनरिख डोरिंग बिशप झाले. त्यांच्या नेमणुकांच्या तारखा लावून पाहिल्या की पहिल्या महायुद्धाचा घाव दिसतो: १९२१ मध्ये त्यांची रवानगी जपानात हिरोशिमाला झाली, १९२७ मध्ये ते पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत तिथे राहिले.

दुसरे कागद सरकारचे. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातील जर्मन नागरिक एका फटक्यात शत्रू ठरले. व्यापारी, खलाशी, मिशनरी अशा अनेकांना नगरच्या लष्करी छावणीत आणून कोंडण्यात आले. १९१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील बंदिवासांची पाहणी केली, त्यात नगर होते. त्यांचा अहवाल त्याच वर्षी लंडनला छापला गेला. असा अहवाल वाचताना एक भान ठेवावे लागते. तपासणीस जागा, अन्न, औषधपाणी, पत्रव्यवहार यांची नोंद करतो. कैद्याची वर्षे वाया जातात, ती कोणत्या रकान्यात भरणार? शिवाय पाहणी सरकारच्या परवानगीने झालेली. म्हणून सोयी होत्या एवढ्यापुरताच तो पुरावा धरावा.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि तेच पुन्हा घडले. नंगा पर्वताची पाहणी करून परतणारे ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर आणि पेटर आउफश्नाइटर यांना पकडण्यात आले. हाररने पुढे लिहिलेल्या तिबेटच्या पुस्तकात नगरच्या या बंदिवासाचा उल्लेख आहे. नगरहून कैदी देवळालीला आणि तिथून १९४१ मध्ये डेहराडूनला गेले.

या उलथापालथीत स्विस जेझुइटांचे महत्त्व वाढले. भाषा जर्मन, पण देश तटस्थ. त्यांच्यातलेच एक फादर हर्मान बाखर. ते १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रमले. दुष्काळात धान्य वाटून गाव उभे राहत नाही, पाणी आणि माती जागेवर थांबवली तरच राहते, या निष्कर्षावर ते कामातून आले. १९८० च्या दशकाअखेर त्यांनी भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना मांडली. १९९३ मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभारला. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेमार्फत नाबार्डकडे यायचा आणि तिथून गावाच्या पाणलोट समितीकडे.

इथून तिसऱ्या प्रकारचे कागद सुरू होतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे तेच आहेत. पैसा येण्याआधी गावाला ठराव करावा लागे: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. त्यानंतर शिवारफेरी. तंत्रज्ञ, शेतकरी आणि त्याची बायको मिळून गट नंबरागणिक रान पायाखाली घालत. उतार किती, मुरूम किती खोल, बांध कुठे घालायचा, झाड कोणते लावायचे, हे जागेवरच ठरे आणि नकाशावर उतरे. काम माथा ते पायथा. आधी डोंगरावर चर, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यावर माती नालाबांध. घराच्या कारभारणीशी बोलल्याशिवाय तिच्या रानाचा आराखडा पुरा होत नसे. सरकारी कागदात हे क्वचितच सापडते.

याच कार्यक्रमातील दरेवाडीचे फलित वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या २००५ च्या अहवालात जगापुढे आले. शेतीत मजुरी पूर्वी वर्षातून ३ ते ४ महिने मिळे, ती ९ ते १० महिने मिळू लागली. भूजलाची पातळी जमिनीखाली साडेसहा मीटर होती, ती तीन मीटरच्या आसपास आली. उन्हाळ्यातील टँकर थांबला. हे आकडे मुख्यतः काम करणाऱ्या संस्थेनेच जमवलेले आहेत आणि विहिरीची पातळी पावसाप्रमाणेही हलते. तरीही मजुरीचे महिने वाढणे आणि टँकर बंद होणे या गोष्टी गावातील कुणालाही पडताळता येतात, म्हणून त्यांचे वजन अधिक.

चराईबंदीचा भार मात्र सारखा वाटला गेला नाही. ज्याला विहीर आहे त्याचे पाणी वाढले. ज्याच्याकडे फक्त शेळ्यामेंढ्या होत्या, त्याचे कुरण त्याच दिवशी बंद झाले. जर्मन निधी आणि बाखरांची दृष्टी यांचे ऋण मानताना या भूमिहीनांच्या त्यागाचीही नोंद तितक्याच ठळकपणे झाली पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय माळावर गवत उगवले नसते.

बाखर २०२१ मध्ये वारले. रेडक्रॉसचा अहवाल ग्रंथालयांत सुरक्षित आहे, चर्चच्या नोंदी धर्मप्रांत जपतो. ग्रामसभेच्या ठरावाच्या वह्या आणि गटवार नकाशे मात्र गावोगावच्या कपाटांत पडलेले असतात आणि त्यांना वाळवी लागते. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या प्रती आताच काढून ठेवाव्यात. चराईबंदीला हात वर करणारे आणि विरोध करणारे दोघेही आज साठी-सत्तरीत आहेत. वहीवरील अंगठे आणि सह्या कोणाच्या, हे त्यांनाच विचारून नोंदवता येईल.