तांबडं सरकलंय

सन 1900. आषाढात तुम्ही मळवलीला गाडीतून उतरता. भाजे-कार्ल्याचे डोंगर ढगांत गडप. चिखल तुडवत तुम्ही राजा रविवर्म्याच्या छापखान्यात शिरता.

आत शिळाछापाचं काम चाललंय. एका लक्ष्मीला एक दगड पुरत नाही: पिवळ्याचा वेगळा, तांबड्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. कागद तोच, पण दर दगडावर खुणेला खूण भिडलीच पाहिजे. त्यात मावळातला पाऊस! कागद ओल धरतो, केसभर ताणला जातो. समोरच्या लक्ष्मीचं तांबडं ओठांबाहेर आलंय. तुम्ही बोट पुढे करता, तोच मागून आवाज येतो, “पाव्हणं, हात नका लावू, शाई वली हाय.”

या छापखान्यासाठी पुढे काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके तुम्हाला 1912 साली मुंबईत भेटतात. कॅमेऱ्यासमोर कुंडी, कुंडीत वाटाणा. महिनाभर ठरावीक अंतरानं थोडी थोडी फिल्म उतरवतात; पडद्यावर घटकेत कोंब फुटतो, वेल चढतो. कॅमेरा जागचा हलत नाही.

जून 2021 मध्ये मात्र कॅमेराच पळतोय. ‘जुनो’ यान गुरूच्या गॅनिमीड चंद्रापासून 1,038 किलोमीटरवरून गेलंय, आणि तुम्ही लोणावळ्यात लॅपटॉप उघडून बसलाय. नासानं कच्ची चित्रं सगळ्यांना खुली केलीत. चित्रं कसली, पट्ट्या! यान मिनिटाला दोनदा गिरकी घेतं, आणि कॅमेरा तांबड्या, हिरव्या, निळ्या काचेतून अरुंद पट्ट्या टिपत जातो. प्रत्येक पट्टीच्या क्षणी यान कुठे होतं, कुठे बघत होतं, याचा हिशेब मांडायचा, मग ती पट्टी संगणकातल्या गोळ्यावर चिकटवायची. गोळा भरला की त्याच्याजवळून एक लटका कॅमेरा यानाच्याच वाटेनं न्यायचा.

कोजी कुरामुरा, गेराल्ड आइशस्टेट आणि माइक स्टेटसन यांनी याच चित्रांवरून साडेतीन मिनिटांची फिल्म केली. दोन चित्रांमधला प्रवास यानानं टिपलेलाच नाही, तो गणितानं भरलेला. तिला चित्रीकरण म्हणायला माझी जीभ वळत नाही. हा मळवलीचाच धंदा, फक्त दगड गेले.

तुमच्या पडद्यावर गॅनिमीड मोठा होतोय. कडेला तांबडी रेघ दिसते. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात यान पुढे गेलं होतं, ते हिशेबात धरायचं राहिलं. तुम्ही तांबड्याची वेळ जराशी मागे घेता. रेघ पुसली जाते. आता निळं बघायचं.