सहा नंबरचा रस्ता

परवा नातवाचा फोन आला. "आबा, दिवाळीनंतर अकोल्याहून पारादीपपर्यंत मोटारसायकलनं जायचं ठरवलंय. मी आणि एक मित्र. तुम्ही आईला समजावा." अर्ध्या तासानं त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या मुलीचा फोन. "बाबा, त्याला तुम्हीच समजावा." मी दोघांनाही 'बरं' म्हटलं. शिक्षकाच्या नोकरीत ही कला साधतेच, पालकांनाही बरं आणि पोरालाही बरं!

पण मंडळी, त्या रात्री झोप काही लागली नाही. कारण हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे. आणि त्याच्याबद्दल मी एक गोष्ट चाळीस वर्षांहून जास्त काळ चुकीची सांगत आलो आहे. ती आज लिहून टाकतो. पण मी पडलो इतिहास-भूगोलाचा मास्तर, तेव्हा आधी रस्त्याचा इतिहास.

माझं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरामागची दोन वावरं ओलांडली की सडक. एकदा मी वडिलांना विचारलं, ही सडक कुठे जाते? ते म्हणाले, "हे सडक कलकत्त्याले जाते बापा." मला वाटलं थट्टा करतात. आमच्या सडकेवरून फार तर मूर्तिजापूरच्या बाजाराला जाता येतं, अशी माझी समजूत. पुढे सातवीत नकाशा पाहिला तेव्हा कळलं की वडील खरंच सांगत होते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर आणि थेट कलकत्ता!

वऱ्हाडात पक्क्या सडका आल्या त्या माणसांसाठी नव्हेत, कपाशीसाठी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथली कपाशी मँचेस्टरला मिळेना, तेव्हा सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. ही जमीन कपाशीला जितकी चांगली तितकीच रस्त्याला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि गाडीचं चाक आखापर्यंत गिळते. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून पुढे जात १८६७ साली नागपूरला पोचली, आणि बाजारातून स्टेशनात गाठी पोचवायला मुरूम-गिट्टीच्या सडका हव्या झाल्या.

पण सडकांचा देशभर एकत्र विचार व्हायला १९२७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर. होय, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच जयकर. १९२८ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की रस्ते ही एकट्या प्रांतांना पेलणारी गोष्ट नाही, हे देशाचं काम आहे. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्या आणि तो पैसा फक्त रस्त्यांवर खर्च करा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज आपण पेट्रोल भरताना रस्त्यासाठी जो पैसा मोजतो, त्याचं मूळ एका मराठी बॅरिस्टराच्या अहवालात आहे.

दुसरी गोष्ट तर आपल्या विदर्भातली. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरला. तो 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही जी उतरंड आपण आज सहज बोलतो, ती तिथे मांडली गेली. शेतीने समृद्ध भागातलं कोणतंही खेडं मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असं त्यात होतं. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा त्यानंतरचा. म्हणजे वडिलांनी मला ते वाक्य सांगितलं, तेव्हा आमच्या सडकेला महामार्ग म्हणून नुकतंच कायद्याचं कुंकू लागलं होतं.

आता गाड्यांकडे वळू. मद्रासला एन्फील्ड बुलेट १९५५ पासून बनू लागली. म्हैसूरला १९६१ साली जावा आली, ती १९७३ पासून येझदी झाली. आणि तिसरी आपली राजदूत, १७५ सीसी. इंजिन मूळ पोलंडच्या घराण्यातलं, पण वागणं अस्सल शेतकऱ्याचं! दुधाचे कॅन लादा, खताचं पोतं लादा, बायको-पोरं बसवा, तक्रार नाही. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात दिसली ती तिची छोटी बहीण. पोरं तिच्यामागे वेडी झाली, पण खेड्यात चालली ती मोठीच. १९८५ साली हिरो होंडाची १०० सीसी गाडी आली आणि लिटरमागे किलोमीटर मोजायची सवय लागली. त्याआधी आम्ही गाडीचा हिशोब 'चालू झाली की नाही' एवढाच ठेवत होतो.

मी जुनी राजदूत घेतली १९८० मध्ये. आमच्या शाळेत एक ड्रॉईंग सर होते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना सगळं गाव ड्रॉईंग सर म्हणूनच ओळखायचं. फळ्यावर ते उजव्या हातानं एका झटक्यात वर्तुळ काढत. मुलं कंपास लावून पाहत, एक सूतसुद्धा फरक नसे. एकदा स्टाफरूममध्ये मी वडिलांचं ते वाक्य सांगितलं. सर म्हणाले, "मग जाऊन पाहू ना जी, कलकत्त्याला जाते की नाही ते."

१९८१ च्या दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज आटोपून निघायचं ठरलं. सहा महिने तयारी चालली. सरांनी ड्रॉईंगच्या कागदावर नकाशा काढला, शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावरून माप घेऊन. संपूर्ण रस्ता पेन्सिलीनं, आणि रोज जेवढं अंतर कापू तेवढं रात्री लाल शाईनं गिरवायचं असं ठरवलं. अकोला ते कलकत्ता चौदाशे कि.मी.च्या आसपास, म्हणून सहा दिवस धरले. दोन प्लग, क्लचची वायर, ब्रेकची वायर, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पायपंप. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल, कारण टू-स्ट्रोक गाडीला त्याशिवाय चालत नसे. घरी पाठवायला पत्ता लिहिलेली पंधरा पोस्टकार्डं. हेल्मेट घेतलं का? नाही. तेव्हा वऱ्हाडात हेल्मेट घातलेला माणूस दिसला तर कुत्री भुंकत. आम्ही कानाला मफलर बांधले आणि झालो तयार!

त्याआधी मी वर्गात मुलांना मुंबईच्या सहा पारशी तरुणांची गोष्ट सांगितली होती. १५ ऑक्टोबर १९२३ ला ते सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघं, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, १८ मार्च १९२८ ला प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले. मी मुलांना सांगितलं की जिद्द असली की सगळं होतं. सहातले तिघं मध्येच थांबले, त्याबद्दल मी काही बोललो नाही. थांबणाऱ्यांचा धडा कोण शिकवतो?

पहिल्या दिवशी नागपूर. दुसऱ्या दिवशी भंडारा, साकोली, देवरीवरून रायपूर. दोन्ही रात्री सरांनी शाईची बाटली काढून लाल रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी संबलपूर गाठायचं होतं. पण आरंगच्या पुढे दोनदा पंक्चर झालं, प्लग काळा पडला, दुपार गेली. पिथौऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. सर म्हणाले, "इथंच थांबू. उद्या पहाटे निघू." मी म्हणालो, "संबलपूर आज म्हणजे आज." सर पुन्हा म्हणाले, "राजेहो, अंधार पडून राहिला." मी गाडीला किक मारली. गाडी माझी, वेळापत्रक माझं.

आता ती गोष्ट. आमच्या घरात, शाळेत, गावात सगळ्यांना ठाऊक आहे की सरायपालीच्या अलीकडे बिनकंदिलाची बैलगाडी आडवी आली आणि तिला वाचवताना आम्ही पडलो. मी ती इतक्यांदा सांगितली की बैलांचा रंगसुद्धा ठरून गेला होता.

बैलगाडी नव्हती. रस्ता मोकळा होता. राजदूतचा दिवा गाडी हळू केली की मिणमिणायचा, म्हणून मी वेग कमी करत नव्हतो, आणि त्या मिणमिण उजेडात मला डुलकी लागली. चाक डांबरावरून मुरमात उतरलं. मला खरचटलं. सर उजव्या हातावर पडले.

जवळच्या दवाखान्यात हात बांधला. दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला संत्री उतरवून परत येणारा एक ट्रक भेटला. ड्रायव्हर आमच्याकडचाच. बोलीवरून त्यानं ओळखलं. "कुठचे होय तुमी?" म्हणाला, आणि राजदूतसकट आम्हाला ट्रकमध्ये घातलं. आम्ही सहा महिने ज्या शहराची तयारी केली, तिथे हा माणूस मोसमात कितीदा तरी जाऊन येत होता. त्याच्या ट्रकमध्ये बसून मी बैलगाडी तयार केली. सर ऐकत होते. काही बोलले नाहीत.

प्लास्टरला उशीर झाला, मनगटाचं हाड वाकडं जुळलं. त्यानंतर सरांचं वर्तुळ कधी जुळलं नाही. नवी मुलं हसत. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर सर स्वतःच सांगत, "बैलगाडी होती हो." माझं खोटं त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळलं. आम्ही त्यावर एकदाही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी सर गेले. तेरवीला वहिनी मला म्हणाल्या, "थे बैलगाडी नसती आली तं यायचा हात चांगला राह्यला असता, नाही भाऊजी?" मी मान हलवली. त्या दिवशीही हलवली.

हे लिहिण्याआधी गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो आणि सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच विचारलं, "मंग इतके वर्सं कायले थांबले?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. चहा मात्र त्यांनी केला. निघताना ट्रंकेतून सरांचा नकाशा काढून दिला. घडीवर फाटला आहे. अकोल्यापासून रायपूरपर्यंत लाल शाई, तिथून पुढे पेन्सिल. "पोट्ट्याले द्या," म्हणाल्या.

आता नातवाच्या वाटेबद्दल. २०१० साली महामार्गांचे नंबर बदलले आणि आमचा सहा नंबर ५३ झाला. तो आता कलकत्त्याला जात नाही! सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून निघतो आणि ओडिशात पारादीपच्या बंदरावर संपतो, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत. याच रस्त्यावर लोणी ते माना, माझ्या गावाच्या अंगणातच म्हणा ना, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ कि.मी. डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. मास्तर म्हणून सांगतो, हे ७५ कि.मी. एका पदराचे धरून आहेत. दोन पदरी रस्ता मोजला तर साडेसदतीस. तरी विक्रम तो विक्रमच, आधीचा कतारमधला होता. त्याआधी हाच रस्ता कित्येक वर्षं रखडून खड्ड्यांत गेला होता, हेही पुढच्या पिढीला सांगायला हवं.

रस्ता आता गुळगुळीत आहे, दिवे चांगले आहेत, नातवाची बुलेट राजदूतपेक्षा कितीतरी दमदार आहे. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. चांगल्या रस्त्यावर डुलकी लवकर लागते.

मुलीला मी कळवलं आहे की त्याला जाऊ दे. त्याला तीन अटी घातल्या. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर, मागे बसणाऱ्याच्यासुद्धा. सूर्य मावळला की गाडी उभी, मग पुढचं गाव पाच कि.मी.वर का असेना. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: कुठे थांबायचं हे चालवणाऱ्यानं ठरवायचं नाही. मागे बसलेल्यानं एकदा 'थांब' म्हटलं की थांबायचं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ त्याच्यावर आणायची नाही.

तो म्हणाला, "आबा, फोनवर लाईव्ह लोकेशन पाठवीन." मी म्हटलं, पाठव. पण पोस्टकार्डंही आणून ठेवली आहेत, पत्ता घालून. त्यातलं एक वहिनींच्या पत्त्याचं आहे. ते पिथौऱ्याहून टाक, असं त्याला सांगितलंय. आणि रात्र तिथंच काढ.