तातडीच्या मालवाहतुकीसाठी वाहननिवड

तातडीच्या मालवाहतुकीसाठी वाहननिवड म्हणजे ठरावीक वेळेतच पोहोचला पाहिजे असा माल वाटेत गोदामात न उतरवता थेट पोहोचवण्यासाठी योग्य अशा हलक्या मालवाहू वाहनाची पारख होय. या व्यवसायात मालाचे वजन सहसा थोडे असते. मात्र उशीर झाल्यास होणारे नुकसान मालाच्या किमतीहून मोठे असू शकते. एखाद्या सुट्या भागाअभावी कारखान्यातील यंत्र बंद पडणे हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. महाराष्ट्रात हा व्यवसाय प्रामुख्याने टेम्पो, पिकअप आणि बंदिस्त व्हॅन यांच्या साहाय्याने चालतो. अनेकदा वाहनाचा मालक हाच चालकही असतो. वाहन बहुधा कर्जाने घेतलेले असल्याने निवड चुकल्यास तिचा भार हप्ते फिटेपर्यंत त्या कुटुंबावर राहतो.

पार्श्वभूमी

मराठीत लहान मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द मुळात एका जर्मन नाममुद्रेचा आहे. जर्मनीतील ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली व तीनचाकी मालवाहू गाड्यांचे उत्पादन सुरू केले. पुढे याच कंपनीची मॅटाडोर ही चारचाकी गाडी ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे बदलले. तरी ‘टेम्पो’ हा शब्द कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीसाठी रूढ राहिला.

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी बाजारात आणली. सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि पाऊण टनाच्या आसपास भारक्षमता असलेली ही चारचाकी ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झाली. तीनचाकीहून अधिक स्थिर आणि ट्रकहून स्वस्त असल्यामुळे स्वतःची गाडी घेऊन भाडे मारणाऱ्यांना ती परवडू लागली. त्यानंतर अशोक लेलँडची दोस्त (२०११) आणि मारुती सुझुकीची सुपर कॅरी (२०१६) या गाड्या या वर्गात आल्या. एक टनाच्या वरच्या भारासाठी महिंद्राची बोलेरो पिकअप मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

अमेरिकेत अशा वाहतुकीसाठी फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर यांसारख्या उंच छताच्या बंदिस्त व्हॅन वापरण्याची पद्धत आहे. भारतात मात्र उघड्या हौद्याच्या गाड्यांचे प्रमाण अधिक आहे. अशा हौद्यात बाजूने वा वरून माल भरता येतो, उंच वस्तू मावते आणि फाळका पाडून हमालांना काम करणे सोपे जाते.

कोल्हापूर परिसरातील गरज

कोल्हापूर हे ओतकामाच्या उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र आहे. शहरातील शिवाजी उद्यमनगर, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत ओतशाळा व यंत्रकामाचे कारखाने आहेत. वाहन उद्योगाला लागणारे सुटे भाग येथून पुण्यासह इतरत्र जातात. नियमित माल ट्रकने जातो. नमुन्याचे ओतीव भाग, अपुरी पडलेली खेप किंवा नाकारलेल्या भागांच्या बदली पाठवायचे भाग यांसाठी मात्र लहान गाडी तातडीने लागते. याच परिसरात इचलकरंजीचे कापड, हुपरीचे चांदीचे दागिने, कोल्हापुरी चप्पल आणि शाहू मार्केट यार्डातील गूळ असे अगदी भिन्न स्वरूपाचे माल आहेत. त्यामुळे एकच गाडी सर्व कामांना सारखीच योग्य ठरत नाही.

निवडीचे निकष

वजन. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह अनुज्ञेय एकूण वजन नमूद केलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे भारक्षमता. मात्र हा सर्व फरक मालाच्या वाट्याला येत नाही. उदाहरणार्थ, अनुज्ञेय एकूण वजन २,००० किलो आणि रिकामे वजन १,०५० किलो असल्यास ९५० किलो उरतात. चालक व मदतनीस यांचे १३० किलो आणि ताडपत्री, दोर व अवजारे यांचे २० किलो वजा केल्यास मालासाठी प्रत्यक्षात ८०० किलो राहतात. हौद्यावर नंतर लोखंडी सांगाडा किंवा बंदिस्त पेटी बसवल्यास तिचे वजनही यातूनच वजा होते.

आकारमान. ओतीव लोखंडाच्या एक घनमीटराचे वजन सुमारे ७,२०० किलो असते. म्हणजेच एक टन भरीव लोखंड जेमतेम ०.१४ घनमीटर जागा व्यापते. अशा मालाने हौद्याचा तळही पुरता झाकला जात नाही, तोच गाडीची क्षमता संपलेली असते. हौदा रिकामा दिसतो म्हणून आणखी माल चढवणे ही या भागातील नेहमीची चूक होय. याउलट कापडाचे गठ्ठे किंवा चपलांचे खोके वजनमर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी हौदा भरून टाकतात. पहिल्या प्रकारच्या कामासाठी भक्कम चेसिस आणि मजबूत पाटे, तर दुसऱ्यासाठी लांब, उंच व बंदिस्त हौदा उपयुक्त ठरतो. जड माल एकाच टोकाला न ठेवता दोन्ही आसांवर भार विभागेल असा रचून बांधावा लागतो. अन्यथा वळणावर गाडी कलण्याचा धोका वाढतो.

मालाचे संरक्षण. कोल्हापूरच्या पश्चिम भागात पावसाळा जोरदार असतो. कापड, चामडे, गूळ आणि यंत्रकाम पूर्ण झालेले लोखंडी भाग यांना ओलाव्यापासून जपावे लागते. ताडपत्री स्वस्त व हलकी असते. मात्र वेगात तिच्या कडांतून पाणी शिरू शकते. चांदीसारख्या मौल्यवान मालासाठी कुलूपबंद वाहन आवश्यक ठरते. मारुती ईकोची मालवाहू आवृत्ती किंवा फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन ही बंदिस्त गाड्यांची उदाहरणे आहेत.

रस्ता. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर अंतरावर असून पुणे-बंगळूर महामार्गावर सलग वेग राखता येणे महत्त्वाचे ठरते. लहान इंजिनाची गाडी पूर्ण भारासह खंबाटकीसारख्या चढावर मंदावते. कोकणात उतरण्यासाठी आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट ओलांडावा लागतो. तेथे चढण्याच्या शक्तीइतकीच उतारावरची सुरक्षितता महत्त्वाची असते. पूर्ण भाराने उतरताना खालचा गिअर न ठेवता केवळ ब्रेकवर विसंबल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. इचलकरंजी किंवा उद्यमनगरातील अरुंद रस्त्यांवर मात्र लहान वळणत्रिज्येची गाडीच सोयीची असते.

इंधन. लांब पल्ला व घाट यांसाठी डिझेल गाड्यांना पसंती मिळते. सीएनजीवर इंधनखर्च कमी होतो. परंतु शक्ती काहीशी घटते, टाक्यांचे वजन वाढते आणि भरणा केंद्रावरील प्रतीक्षा तातडीच्या कामात अडचणीची ठरते. विद्युत मालगाड्या शहरांतर्गत ठरलेल्या फेऱ्यांना अनुकूल आहेत. लांबच्या अनिश्चित भाड्यासाठी चार्जिंगचा वेळ हिशेबात धरावा लागतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन हलके मोटार वाहन मानले जाते. या मर्यादेतील मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची अट लागू नाही. भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या वाहनाची नोंदणी परिवहन वाहन म्हणून व्हावी लागते. त्यास पिवळी, तर विद्युत वाहन असल्यास हिरवी क्रमांकपाटी असते. योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण, ज्यास बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात, वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिरिक्त भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. साहजिकच वेळेवर पोहोचण्याचा मूळ हेतूच विफल होतो. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आवश्यक असते. महाराष्ट्रांतर्गत ही मर्यादा एक लाख रुपये आहे. सामान्य मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक दिवस अशी मोजतात. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत हलवल्यास बिलातील वाहन क्रमांकही बदलावा लागतो.

आर्थिक हिशेब

कर्जाचा हप्ता, विमा, कर आणि पासिंग हा खर्च गाडी उभी असतानाही चालू राहतो. इंधन, टायर, दुरुस्ती आणि टोल हा खर्च धावण्यावर अवलंबून असतो. कोल्हापूर-पुणे मार्गावर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे टोलनाके आहेत.

तातडीच्या वाहतुकीत सर्वांत दुर्लक्षिला जाणारा घटक म्हणजे रिकामी परतफेरी. पुण्यापर्यंतच्या २३० किलोमीटरचे भाडे मिळाले, तरी गाडी ४६० किलोमीटर धावते. लिटरला १४ किलोमीटर धरल्यास सुमारे ३३ लिटर डिझेल लागते. परतीचे भाडे न मिळाल्यास हा सर्व खर्च एकाच फेरीच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. मोठी गाडी घेतल्यास भाड्याचा दर वाढतो, पण रिकाम्या परतीचा खर्चही वाढतो. म्हणून वर्षातून क्वचित येणाऱ्या सर्वांत जड खेपेऐवजी नेहमीच्या खेपेच्या वजनावर गाडीची निवड करणे आणि अपवादात्मक जड खेपेसाठी मोठी गाडी भाड्याने घेणे अधिक किफायतशीर ठरते. जुनी गाडी घेतल्यास हप्ता कमी पडतो. तथापि वाटेत बिघाड झाल्यास वेळेची हमी मोडते आणि ग्राहक दुरावतो.

नैसर्गिक अडथळे

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आल्याने वाहतूक ठप्प झाली होती. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर दरडीही कोसळतात. अशा वेळी कोणतीही गाडी वेळ पाळू शकत नाही. त्यामुळे उत्पन्न थांबले तरी काही काळ हप्ता भरता येईल, इतकी शिल्लक गृहीत धरूनच गाडीच्या किमतीची मर्यादा ठरवणे इष्ट मानले जाते.

हे सुद्धा पाहा

टेम्पो
टाटा एस
फोर्स मोटर्स
ई-वे बिल
कोल्हापूर जिल्हा