पटावरचा मज्जाव

उत्तर पेशवाईत बुद्धिबळाच्या खेळाला राजाश्रय होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांनी या विद्येवर संस्कृतात ग्रंथ रचला आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापूनही निघाले. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके, शह बसला नसेल तर राजाला एकवार घोड्याची चाल चालण्याची मुभा असे, आणि प्याद्याने केलेली मात जिंकणाऱ्याला विशेष भूषणावह वाटे. असा हा पुरातन खेळ. परंतु मुलींना सामन्याच्या पटावर बसवण्याची रीत आपल्याकडे फार उशिरा पडली, आणि राष्ट्रीय महिला स्पर्धा भरण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

ते पहिले अजिंक्यपद वासंती खाडिलकर या शाळकरी मुलीने पटकावले. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्यांनी पुढील दहा वर्षे हे पद घराबाहेर जाऊ दिले नाही. त्यांतील धाकटी रोहिणी १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मात्र मोठे काहूर माजले.

त्या काळी स्पर्धेच्या पटाशेजारी दोन तबकड्यांचे घड्याळ असे. खेळी होताच खटका दाबावयाचा, चाल कागदावर टिपावयाची, आणि मिनिटकाट्याने उचललेले तांबडे निशाण पडण्यापूर्वी नेमलेल्या खेळ्या पुऱ्या करावयाच्या, एवढाच काय तो तेथील कायदा. त्या कायद्यात समोर बसणाऱ्याचे वय वा लिंग विचारणारे कलम असावे, हा आग्रहच मला मुळात अन्यायाचा वाटतो. रोहिणीने त्या स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेथे दाद मिळाली, आणि स्वतः एके काळचे जगज्जेते असलेले जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निवाडा दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

रोहिणीने पुढे १९८१ साली आशियाई महिला विजेतेपदही मिळवले; परंतु तिच्या सर्व पदकांहून हा निवाडा मी मोठा मानतो. जागतिक कुमार गटात मुलींची स्वतंत्र स्पर्धा १९८२ पासून भरू लागली आणि २००९ साली पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने, तर २०२४ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने ती जिंकली. आणि दोघींनाही खुल्या स्पर्धेत नाव घालण्यासाठी कोणाच्या कचेरीत फिर्याद रुजू करावी लागली नाही.