थोरल्या दवाखान्याची देवडी

कोल्हापुरात टाउन हॉलनजीक उभ्या असलेल्या ज्या इमारतीस सरकारी कागदांत छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय असे भारदस्त नाव आहे, तिला जुनी माणसे अद्याप थोरला दवाखाना म्हणतात आणि नवी माणसे नुसते सीपीआर म्हणून मोकळी होतात. परंतु संस्थानी अमदानीत तिचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते, आणि हा आल्बर्ट एडवर्ड म्हणजे १८७५ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेला व पुढे सातवा एडवर्ड म्हणून विलायतेच्या गादीवर बसलेला युवराज. इमारतीचा आराखडा मेजर मँट यांचा. टाउन हॉल आणि नवा राजवाडा हीही त्यांचीच कामगिरी. तिच्या दगडी कमानींविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मला कुतूहल आहे ते तिच्या देवडीचे. कारण आत कोणास सोडावे आणि कोणास अडवावे, याचा निवाडा तेथे शतकाहून अधिक काळ रोज होत आला आहे.

आज या देवडीवर पहारेकऱ्याचा कंठशोष चालतो तो माणसे बाहेर ठेवण्यासाठी. आरंभीच्या काळी दरबाराची विवंचना नेमकी उलट होती, ती म्हणजे माणसे आत यावीत कशी ही. त्यांतही स्त्रिया. परपुरुषाच्या हाती नाडी देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या घरंदाज बायकांपुढे दवाखान्याचे दार कितीही सताड उघडे ठेवले, तरी ते बंदच होते. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभा राहिला, आणि त्याच सुमारास, १८८६ साली, करवीरच्या दिवाणांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात नुकत्याच डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-कक्षाचा अधिकार देऊ केला. ही नेमणूक बहुधा आनंदीबाईंच्या चरित्राची शोकपर्यवसायी तळटीप म्हणून सांगितली जाते, कारण क्षयाने जर्जर होऊन परतलेल्या त्या बाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या आणि कोल्हापूरचा पदभार त्यांच्या हाती कधीच आला नाही. परंतु संस्थानच्या बाजूने पाहिल्यास तो प्रवेशाचा एक कायदाच होता. या दालनात स्त्रीने स्त्रीस तपासावे आणि तेथे पुरुषाची सावली नसावी, अशी हमी दिल्यावाचून रुग्णच येणार नाही, हे दरबाराने ओळखले होते. पुढे डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनी या स्त्री-विभागाचे काम सांभाळले. शाहू महाराजांनी त्यांना वैद्यकाच्या पुढील अभ्यासासाठी विलायतेस पाठविले, हे त्या काळच्या दरबारी रीतीभाती पाहता लहान धाडस नव्हे.

दुसरे दार जातीचे. ते देवडीवर दिसत नसे, कारण त्याचा पहारा डॉक्टर, कंपाउंडर आणि शिपाई यांच्या मनात होता. अस्पृश्य रुग्णास दुरून पाहावयाचे, औषध वरून टाकावयाचे, जखमेस हात लावावयाचा नाही, हा सार्वत्रिक रिवाज. आणि रिवाजाविरुद्ध तक्रारअर्ज करावा तरी कोणाकडे? जानेवारी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी जो हुकूम काढला, त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात भूतदयेचा उपदेश थोडा आणि नोकरशाहीच्या वर्मावर घाव मोठा होता. रुग्णालयांतील अधिकाऱ्यांनी व नोकरांनी अस्पृश्यांस इतरांप्रमाणेच ममतेने वागवावे. ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा पाठवावा, आणि अशा माणसास पेन्शन मिळणार नाही. धर्मशास्त्राच्या वादात महाराज येथे शिरलेच नाहीत. ज्यास सोवळे प्रिय असेल त्याने ते स्वखर्चाने पाळावे, असा या हुकुमाचा मथितार्थ, आणि निवृत्तिवेतनापुढे सोवळे किती काळ टिकते याची राजास पुरती कल्पना होती. अशा वागणुकीचा कित्ता म्हणून त्यांनी मिरजेच्या अमेरिकन मिशनकडे बोट दाखविले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

मिरजेस या मिशनच्या डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, आणि कोल्हापूर-मिरज लोहमार्ग त्यापूर्वीच, १८९१ साली, सुरू झालेला असल्यामुळे करवीर इलाख्यातील दुखणाईत आगगाडीत बसून तिकडे जाऊ लागले. दुखणाईत एकटा जात नसे. बायको, आई, धाकटा भाऊ, शिध्याचे गाठोडे, लोटा आणि वळकटी यांसह ते सारे बिऱ्हाडच असे. परजातीच्या हातचे अन्न चालत नाही, तेव्हा चूल स्वतःचीच हवी. आणि ज्या देशात पगारी परिचारिका दुर्मिळ, तेथे रुग्णाचे अंग पुसणे, भांडे देणे, रात्र जागविणे ही कामे करणार तरी कोण? इकडील रुग्णालयांच्या आवारांत नातलगांना बिऱ्हाड थाटू देण्याची जी चाल पडली, ती सौजन्याची होती तितकीच गरजेची होती.

विलायतेतील भेटीचे नियम याच्या नेमके उलट पायावर रचलेले. तेथे शुश्रूषा पगारी आणि शिस्तबद्ध, म्हणून नातलग हा उपद्रव. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या उशाशी बसून पोकळ धीर देणाऱ्या व फुकटचे सल्ले वाटणाऱ्या भेटकऱ्यांची कडक हजेरी घेतली आहे. मुलांच्या वॉर्डात आईबापांनाही मोजूनमापून सोडण्याची रीत तेथे इतकी मुरली, की तिचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी जेम्स रॉबर्टसन यांना १९५२ साली दोन वर्षांच्या एका इस्पितळवासी मुलीवर चित्रपट काढावा लागला, आणि १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईला मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. म्हणजे पुष्कळ विचार करून ते तेथे पोहोचले, जेथे गडहिंग्लजची म्हातारी वळकटी घेऊन आधीच बसलेली होती. आमचे दुर्दैव असे, की आम्ही नियमांची पाटी विलायतेची लावली आणि परिचारिकांचे मनुष्यबळ मात्र तिकडचे आणले नाही.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारी दवाखाना जिल्ह्याचा झाला आणि चालू शतकाच्या उंबरठ्यावर त्यास राजर्षी शाहूंच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. आजरा, चंदगड, गगनबावडा येथून, तळकोकणातून आणि सीमेपलीकडील निपाणी-चिकोडीकडूनही एसटीने माणसे येतात. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते, आणि रुग्ण भरती होताच वॉर्डातील सिस्टरचा पहिला प्रश्न येतो, “पेशंटजवळ कोण थांबणार?” या प्रश्नास उत्तर नसणे ही वॉर्डात मोठी अडचण समजली जाते. रक्ताची पिशवी आणणे, तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत पोचविणे, बाहेरून औषध आणणे, स्ट्रेचरला हात लावणे, हे सारे त्या थांबणाऱ्याने करावयाचे असते.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका डॉक्टरास जमावाने निर्दय मारहाण केली, राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले, आणि शासनाने सुरक्षारक्षक वाढविण्याबरोबरच एका रुग्णामागे दोघांनाच पास देण्याचे धोरण धरले. त्यामागील भय खरे होते. वीस-पंचवीस माणसांच्या घोळक्यात कोणत्याही वैद्याचे चित्त स्थिर राहणार नाही. २०२० च्या साथीत तर दार पुरते मिटले, आणि नातलगाविना वॉर्ड चालविताना परिचारिकांवर किती भार पडतो, हे प्रथमच सर्वांस दिसले. साथ ओसरताच वळकट्या परत आल्या. त्यांच्यावाचून अडलेच होते.

आता देवडी संगणकात शिरली आहे. केसपेपरच्या रांगेत ‘आभा’ हा रुग्णाचा ओळख-क्रमांक विचारला जातो, मोबाइलवर चौकोनी चिन्ह टिपून नोंदणी होते, आणि डॉक्टर-परिचारिकांना स्वतःचे खाते, स्वतःचा परवलीचा शब्द बाळगावा लागतो. सरकारी कचेऱ्यांत या खात्यांची जी तऱ्हा होते ती सर्वपरिचित आहे: ओटीपी बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या मोबाइलवर जातो, परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर सापडतो, आणि कुलूपबंद झालेले खाते उघडून देणारा एखादा कंत्राटी ऑपरेटर, मोडी वाचणाऱ्या जुन्या दप्तरदाराप्रमाणे, साऱ्या कचेरीचा आधारस्तंभ होऊन बसतो. तो रजेवर गेला की कारभार पुन्हा कागदावर येतो.

हा ‘आभा’ क्रमांक ज्या योजनेचा, त्या सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर जारी झालेल्या आरोग्य-योजनेत रुग्णांची एक नोंदवही आहे, वैद्यकीय व्यावसायिकांची दुसरी आणि रुग्णालयांची तिसरी. सिस्टरच्या प्रश्नास “मी थांबतो” म्हणून उत्तर देणाऱ्या माणसाची नोंद या तिहींपैकी एकीतही नाही. त्याच्यापाशी असतो तो देवडीवर दाखवावयाचा पास, आणि तोही पाळी बदलताना धाकट्या भावाच्या हाती द्यावा लागतो.