उरलेल्या उष्णतेचा हिशेब

कोपनहेगनच्या पोटात फ्रेडरिक्सबर्ग नावाची एक स्वतंत्र नगरपालिका आहे. चारी बाजूंनी राजधानीचा वेढा, त्यामुळे हातपाय पसरायला जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली वस्ती इतकी वाढली की घरोघरचा कचरा टाकायचा कुठे, हाच पालिकेपुढचा मोठा पेच होऊन बसला. शेवटी १९०३ साली पालिकेने कचरा जाळण्याची भट्टी उभारली. जाळायचेच आहे तर उष्णता वाया का घालवायची, म्हणून त्या भट्टीवर वीजही काढली आणि उरलेली ऊब जवळच्या रुग्णालयाला, अनाथाश्रमाला आणि निराधारांच्या निवाऱ्याला नळांतून पोचवली. डेन्मार्कमधली सामुदायिक उष्णता, म्हणजे डिस्ट्रिक्ट हीटिंग, इथून सुरू झाली. त्यात पर्यावरणाचा विचार औषधालाही नव्हता. होती ती कचऱ्याची अडचण आणि काटकसरीची खोड.

या काटकसरीचे गणित साधे आहे. नुसती वीज करणाऱ्या औष्णिक केंद्रात इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण चाळीस टक्क्यांची वीज होते. बाकीची समुद्राच्या पाण्यात नाहीतर कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. आता गावातच एक गॅस इंजिन बसवले आणि त्याला थंड करणारे पाणी व त्याचा धूर यांतली उष्णता पकडली, तर गॅसच्या १०० भागांतून ४० भाग वीज आणि ५० भाग घरे तापवण्याजोगी उष्णता हाती लागते. तेवढीच वीज दूरच्या केंद्रातून आणि तेवढीच उष्णता घरच्या बॉयलरमधून घ्यायची म्हटली, तर इंधनाचे दीडशेहून जास्त भाग खर्ची पडतात. एवढी उघड बचत असताना जगातल्या सगळ्या थंड देशांनी हेच का केले नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. वीज तारेवरून शेकडो किलोमीटर जाते, पण गरम पाणी फार लांब नेले की वाटेतच निवते; त्यासाठी रस्ते खणून नळ घालावे लागतात आणि नळांचे कर्ज पंचवीस-तीस वर्षे फेडत बसावे लागते. उष्णता स्वस्त, नळ महाग, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे.

१९२०-३० च्या दशकांत मोठ्या डॅनिश शहरांनी आपापल्या वीजकेंद्रांची टाकाऊ उष्णता घरांत न्यायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांतल्या घरात मात्र तळघरात तेलाचा बॉयलर आणि अंगणात तेलाची टाकी, हाच थाट होता. तेल स्वस्त होते तोवर ते ठीक होते. १९७३ च्या तेलसंकटाआधी देशाच्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आयात तेलातून येत होती. त्या वर्षी २५ नोव्हेंबरपासून रविवारी खासगी मोटारी चालवायला बंदी आली. हमरस्त्यांवर माणसे सायकली घेऊन हिंडली. हिवाळा तोंडावर आणि टाकी रिकामी, ही भीती त्या पिढीच्या मनात पक्की बसली.

पुढे जे घडले त्याला सरकारी चिकाटीचा नमुना म्हणता येईल. १९७६ मध्ये ऊर्जा एजन्सी स्थापन झाली आणि १९७९ मध्ये उष्णता पुरवठा कायदा आला. त्याने प्रत्येक नगरपालिकेला आपल्या हद्दीचा नकाशा काढायला लावले: कुठल्या भागात किती उष्णता लागते, तिथे सामायिक नळ परवडतील, की नैसर्गिक वायूची वाहिनी, की ज्याचा त्याचा बॉयलर. एकाच गल्लीत गॅस आणि गरम पाणी अशी स्पर्धा लावली तर दोघांचेही दिवाळे निघेल, हे हिशेबाने ओळखून गावांचे पट्टे पाडले गेले. आपल्या पट्ट्यातल्या घरांना नळजोडणी सक्तीची करण्याचा अधिकारही पालिकांना मिळाला. नंतर या सक्तीवरूनच वाद झाले, पण पुरेशी घरे जोडली गेल्याशिवाय नळांचे कर्ज फिटणार नव्हते.

१९८४ मध्ये उत्तर समुद्रातला डॅनिश वायू देशात खेळू लागला. जाळे सरकारी पैशाने टाकलेले, कर्ज डोक्यावर आणि दोन वर्षांतच जगातल्या तेलाचा भाव कोसळला. वायूला गिऱ्हाईक कोण मिळणार? सरकारने तेलावर कर चढवून ग्राहकाला ते स्वस्त पडू दिले नाही. १९८६ मध्येच छोट्या सहवीज (वीज आणि उष्णता एकत्र देणाऱ्या) केंद्रांची ४५० मेगावॉट क्षमता उभारण्याचा राजकीय करार झाला. १९९० च्या सुधारित कायद्याने गावोगावच्या उष्णताकेंद्रांतले जुने बॉयलर काढून तिथे वीज आणि उष्णता एकत्र करणारी यंत्रे बसवण्याचा कार्यक्रमच आखून दिला. अणुऊर्जा नको, असे संसदेने १९८५ मध्ये ठरवून टाकले होते. वायूला गिऱ्हाईक हवे होते, विजेला नवे केंद्र हवे होते आणि गावाला ऊब हवी होती. छोट्या इंजिनाने तिघांचीही गरज भागवली. मोठ्या वीज कंपन्यांना ही गावठी केंद्रे फारशी रुचत नव्हती, यात नवल नाही.

नव्वदच्या दशकातले डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातले असे एखादे केंद्र म्हणजे गावाच्या टोकाला विटांची बैठी इमारत, एक बारीक धुराडे आणि शेजारी इमारतीहून उंच, इन्सुलेशनचे जाड वेष्टण चढवलेली पोलादी टाकी. आत एक-दोन इंजिने आणि त्यांच्यावर नजर ठेवायला जेमतेम दोन-तीन माणसे. या सगळ्यात ती टाकी खरी कळीची. सरकारने ठरवलेला विजेचा खरेदी दर दिवसाच्या वेळेप्रमाणे तीन पायऱ्यांचा होता: कमी मागणीच्या वेळी कमी, दिवसा जास्त, ऐन गर्दीच्या तासांना सर्वांत जास्त. म्हणून ऑपरेटर गर्दीच्या तासांत इंजिने पूर्ण वेगाने चालवी, वीज ग्रिडला विकी आणि गरम पाणी टाकीत भरून ठेवी. रात्री इंजिन बंद. गावातले रेडिएटर टाकीतल्या पाण्यावर. टाकीत वर गरम आणि खाली गार अशी पाण्याची थरावर थर मांडणी राहते, ती ढवळली जाऊ नये म्हणून पाणी हलकेच आत सोडावे लागते. घरांकडून परतणारे पाणी जितके गार, तितकी टाकी कामाची. त्यामुळे परतीचे पाणी फार गरम सोडणाऱ्या घराला अनेक ठिकाणी जादा आकार लावतात. शेजारच्या घरात रेडिएटरचा व्हॉल्व नीट बसवला आहे का, याची चौकशी गावाच्या हिशेबवहीतून होते, ही गंमत डॅनिश खेड्यातच घडावी.

आता मुख्य पैशाची गोष्ट. डेन्मार्कमध्ये उष्णतेच्या व्यवहारात नफा काढायला कायद्यानेच मनाई आहे; खर्च जेवढा, तेवढाच दर. बहुतेक छोटी केंद्रे पालिकेच्या मालकीची किंवा खुद्द ग्राहकांच्या सहकारी संस्थेची. १८८२ मध्ये येडिंग गावात पहिली सहकारी डेअरी काढणाऱ्या देशात हे रक्तातच होते. संस्थेचा हिशेब असा: गॅसचा खर्च, कर्जाचे हप्ते आणि पगार यांची बेरीज करायची, त्यातून वीज विकून मिळालेले पैसे वजा करायचे आणि जे उरेल ते घराघरांवर वाटायचे. थोडक्यात, हिवाळ्यातले घरचे बिल म्हणजे वजाबाकीतली बाकी. वीज चांगल्या भावाने गेली की ऊब स्वस्त, विजेचा भाव पडला की ऊब महाग. अशीच गत आपल्याकडेही आहे: महाराष्ट्रात सहवीजनिर्मिती रुळली ती साखर कारखान्यांमुळे. चिपाड जाळून वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचे, बाहेर पडलेल्या वाफेवर उसाचा रस आटवायचा आणि वरची वीज ग्रिडला द्यायची. तिथल्या संचालकाला डॅनिश गावाचे हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. सरकारने खरेदी दर काय ठरवला, यावर तिथेही प्रकल्पाचे हप्ते फिटतात किंवा थकतात. फरक इतकाच, की त्याची वाफ गळीत हंगामात कामाला येते, डॅनिश गावाची थंडीत.

नव्वदच्या दशकात बाकी छान जुळत होती. तीन पायऱ्यांचा दर, १९९२ पासून प्रत्येक युनिट विजेमागे दहा ओरे (म्हणजे एका क्रोनचा दशांश) अनुदान आणि गॅसही आवाक्यात. पाहता पाहता दोनशेहून जास्त गावे या हिशेबावर उभी राहिली. पण सगळ्यांचा पाया सारखा नव्हता. ज्या गावांत नळ आधीपासून होते, त्यांनी फक्त बॉयलर बदलून इंजिन आणले. जिथे आधी काहीच नव्हते, तिथे इंजिन, टाकी, इमारत आणि मैलोन्‌मैल नळ, सगळे नव्याने कर्ज काढून केले गेले. घरे विरळ, वस्ती म्हातारी. मोकळ्या रानात उभारलेली केंद्रे अशी त्यांची ओळख झाली. त्यांचा दर पुढे देशात सर्वांत चढा ठरला आणि जोडणी सक्तीची असल्याने सुटायचा मार्गही नव्हता. उष्णतेचे बिल पाहून गिऱ्हाईक पळते, म्हणून घर विकले जात नाही, ही तक्रार तिथे रास्त होती. गाव स्वतःच मालक आणि स्वतःच कर्जदार असल्यावर भांडणार कोणाशी?

मग हवा पालटली, अगदी शब्दशः. ज्या देशाने छोट्या इंजिनांना वाढवले, त्यानेच पवनचक्क्यांनाही वाढवले. २००५ पासून मोठ्या केंद्रांपाठोपाठ छोटी केंद्रेही ठरावीक दराच्या छत्राखालून खुल्या बाजारात आणली गेली. वारा जोरात असलेल्या रात्री विजेचा भाव पार तळाला जायचा आणि २००९ पासून तर नॉर्डिक बाजारात उणे भावही लागू झाला: वीज घेणाऱ्यालाच वर पैसे. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या वीज वापरापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा वाऱ्याचा होता. इंजिने वर्षातले थोडेच तास फिरू लागली. ती मोडीत निघू नयेत म्हणून सरकार बाजारभाव पडलेला असताना एक ठरावीक रक्कम देत असे, इंजिन फिरो न फिरो. ती २०१८ च्या अखेरीस बंद झाली. ज्यांचा ताळेबंद तिच्यावर तोलला होता, त्यांच्या दरांत मोठी उडी आली. नव्या ग्राहकांवर जोडणीची सक्ती लादण्याचा पालिकांचा अधिकारही २०१९ पासून गेला.

जी गावे वेळीच हलली, ती इंजिनापेक्षा नळ आणि टाकी यांच्या जिवावर तरली. एअरो बेटावरच्या मार्स्टलने १९९६ पासून शेतात पाणी तापवणारी सौर तबके मांडायला सुरुवात केली आणि पुढे जमिनीत ७५,००० घनमीटरचा खड्डा खणून उन्हाळ्याचे गरम पाणी हिवाळ्यासाठी साठवले. वर तरंगते झाकण, तळाला प्लास्टिकचे अस्तर. ब्रेडस्ट्रुपने २००७ मध्ये गॅस इंजिनांच्या जोडीला सौर तबके आणली. जटलंडच्या उत्तर टोकावरचे स्कागन तर बाजारातला पक्का खेळाडू: विजेचा भाव चढला की इंजिने, कोसळला की विजेवरचा बॉयलर, आणि माशांच्या भुकटीच्या कारखान्यातली टाकाऊ उष्णता त्यात जमेला. कोणत्या तासाला काय चालवायचे, हे तिथे इंधनापेक्षा बाजाराचा पडदा पाहून ठरते.

आज देशातल्या सुमारे दोन तृतीयांश घरांना नळातून ऊब मिळते. तिचा मोठा भाग लाकूड, पेंढा आणि कचरा जाळून येतो, आणि दिवसेंदिवस हीट पंपांतूनही. जुनी इंजिने बऱ्याच ठिकाणी अजून उभी आहेत. वारा पडलेल्या थंड संध्याकाळी विजेचा भाव वर गेला की ती पुन्हा सुरू होतात, आणि ग्रिड सांभाळणारी यंत्रणा काहींना नुसते तयार राहण्याचेही पैसे मोजते. त्या थोड्या तासांच्या कमाईवर गॅसच्या जोडणीचा आणि देखभालीचा खर्च निघतो का, हे पाहून संचालक मंडळ दरवर्षी ठरवते: इंजिन ठेवायचे की विकायचे.